गोथेनबर्गला नवीन आलात? आधी घराजवळचा ट्रामचा थांबा पाठ करा

दर ऑगस्टात स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नवे नंबर येतात आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. तूरडाळ कुठे मिळते, गाडी घ्यावी का, ऑफिसपासून किती लांबचं घर चालेल, थंडीचे कपडे तिकडून आणू की इकडे घेऊ. माझा सल्ला सगळ्यांना एकच असतो. बॅगा उघडून झाल्या, पहिला वरणभात पोटात गेला, की खाली उतरा आणि घराजवळच्या ट्रामच्या थांब्यावर वीस मिनिटं नुसते उभे राहा. कुठे जायचं नाही, चढायचंही नाही. कुठली ट्राम कुठून येते आणि कुठे वळते तेवढं बघायचं.

लोकांना वाटतं मी गंमत करतोय. पण या गावात पहिल्या महिन्यातल्या बहुतेक फजित्यांची सुरुवात थांब्यावरच होते. नकाशा, अॅप, मोठी मोठी स्थानकं हे सगळं नंतर येतंच अंगवळणी. आपला एक थांबा नीट कळला की त्याच धाग्यावर बाकीचं गाव ओवता येतं.

या गावचं ट्रामचं जाळं स्कँडिनेव्हियातलं सगळ्यात मोठं. १८७९ मध्ये घोड्यांच्या ट्रामनं सुरुवात झाली आणि १९०२ मध्ये वीज आली. आपल्या मुंबईत घोड्यांची ट्राम त्याच्या पाच वर्षं आधी, १८७४ मध्ये धावत होती. पुढे विजेवर आलेली मुंबईची ट्राम १९६४ च्या ३१ मार्चला कायमची थांबली. स्वीडनमध्येही अशीच वेळ आली होती. पूर्वी इथली वाहनं आपल्यासारखी डावीकडून चालायची; ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे अख्खा देश एका झटक्यात उजवीकडे गेला. त्या उलथापालथीत स्टॉकहोमनं शहरातल्या ट्राम मोडीत काढल्या, गोथेनबर्गनं मात्र ठेवल्या. आजोबांच्या तोंडून ज्यांनी किंग्ज सर्कलच्या ट्रामच्या गोष्टी ऐकल्यात, त्यांना इथे पहिल्या दिवशी थोडं भरून येतं. मला आलं होतं.

माझा थांबा हिसिंगेन बेटावरचा, विसेलग्रेन्सप्लात्सेन. पुढचं सगळं त्याच्या उदाहरणानं सांगतो. तुम्ही तुमच्या थांब्याचं नाव घालून वाचा.

पहिलं काम: नाव कानानं ओळखा

लिहिलेलं नाव आणि ट्राममधल्या उद्घोषणेत ऐकू येणारं नाव यांत इतकं अंतर असतं की नवा माणूस आपला थांबा कानांदेखत निघून जाऊ देतो. सुरुवात गावाच्या नावापासूनच करा. जगाला हे गोथेनबर्ग, इथल्या माणसाला 'योतेबोरी'. पुढे मऊ स्वर आला की ग चा य होतो, आणि र च्या मागचा शेवटचा ग तर ई सारखा विरघळतो. म्हणून 'टॉर्गेट' असं दिसणारा चौक ऐकू येतो 'तोर्येत'. जुन्या लोखंडबाजाराचा चौक तो 'यार्नतोर्येत'. 'ह्जाल्मार' अशी अक्षरं दिसली तर ह गिळून टाका आणि 'याल्मार' म्हणा. हे याल्मार ब्रान्टिंग म्हणजे स्वीडनचे पहिले सोशल डेमोक्रॅट पंतप्रधान, १९२१ च्या शांतता नोबेलचे मानकरी. हिसिंगेनवर राहणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी त्यांच्या नावाच्या थांब्यावर गाडी बदलावी लागते, तेव्हा तेवढा उच्चार तरी नीट करावा.

हॉस्पिटलला स्वीडिशमध्ये जे म्हणतात ते कागदावर 'स्जुक-' असं दिसतं आणि कानाला 'हूकहूस' ऐकू येतं. हे आधीच घोकून ठेवा. गरज पडते तेव्हा घोकायला वेळ नसतो.

नावांची शेपटं ओळखली की अर्धं काम झालं. 'गातान' म्हणजे रस्ता, 'वेगेन' म्हणजे मोठा रस्ता किंवा मार्ग, 'तोर्येत' आणि 'प्लात्सेन' म्हणजे चौक. थांब्याला 'हॉलप्लात्स'. ट्रामला 'स्पोरवाग्न', पण बोलताना सगळे नुसतं 'वाग्नेन' म्हणतात, म्हणजे आपण 'गाडी' म्हणतो तसं.

आणि एक गंमत, जी मला कुणी सांगितली नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर वसलेल्या उपनगरांत रस्त्यांना नावं देताना पालिकेनं विषय वाटून घेतलेत. आमच्या बाजूला बिस्कॉप्सगोर्डनमध्ये सगळी नावं हवामानावरून: एक चौक वसंतातल्या हवेचा, एक ताज्या हवेचा, एक रस्ता चक्क 'हवीहवीशी वाटणारी हवा' या नावाचा. कोर्तेदालात पंचांग: एप्रिल रस्ता हा तिथला थांबाच आहे. बेर्यशोनमध्ये आकाश: अवकाश चौक, धूमकेतू चौक, गॅलिलिओचा रस्ता, दुर्बीण रस्ता. त्यामुळे पाटीवर तारे-ग्रह दिसले की समजा तुम्ही ईशान्येला निघालात, आणि पाऊस-वारा दिसला की हिसिंगेनला. मला नकाशापेक्षा हे जास्त उपयोगी पडलं.

दुसरं काम: नंबरवर भरवसा ठेवू नका, 'मूत' वाचा

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात.

आपल्याला बसचा नंबर बघायची सवय. पुण्यात नंबर बघून धावत सुटलेली माणसं आपण. इथे एकाच नंबरची ट्राम दोन दिशांना जाते आणि दोन्ही फलाट समोरासमोर असतात. जायचंय कुठे ते पाटीवर नंबराच्या पुढे लिहिलेलं असतं: शेवटच्या थांब्याचं नाव. घोषणेत किंवा अॅपमध्ये त्याच्या आधी 'मूत' असा छोटा शब्द येतो. मूत म्हणजे '-च्या दिशेनं'. (हो, मराठी कानाला हा शब्द कसा लागतो ते मला माहीत आहे. चार दिवस हसून घ्या, पाचव्या दिवसापासून हसू येत नाही.)

माझी फजिती अशी. जानेवारीतला तिसरा की चौथा दिवस, सकाळचे साडेसात, बाहेर मध्यरात्रीसारखा काळोख. नंबर बरोबर होता, ट्राम समोर उभी होती, दार उघडं होतं. चढलो. पुलावरून नदी ओलांडून गावात जाईल म्हणून खिडकीतून पाणी शोधत बसलो. पाणी येईना. घरं संपत गेली, झाडं वाढत गेली. लेन्समान्सगोर्डनला सगळे उतरले, मी बसलेलोच. ड्रायव्हरताई केबिनमधून बाहेर आल्या, थर्मासचं झाकण फिरवत माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शेवटचा थांबा." मग त्यांनीच समजावलं: ट्राम इथल्या गोल रुळावरून वळते आणि थोड्या वेळानं परत निघते, समोरच्या बाजूला जाऊन उभा राहा. ऑफिसच्या पहिल्या मीटिंगला मी चाळीस मिनिटं उशिरा पोचलो. चूक सर्वस्वी माझी. शेवटचं नाव वाचलं नव्हतं.

म्हणून हे करा. तुमच्या थांब्यावरून कुठल्या कुठल्या नंबरच्या गाड्या जातात ते बघा आणि प्रत्येकीची दोन टोकं लिहून काढा. मग त्यातली 'गावाकडे' नेणारी कुठली आणि 'रानाकडे' नेणारी कुठली ते ठरवा. आमच्या थांब्यावर लेन्समान्सगोर्डनचं नाव दिसलं की ती रानाकडे. ब्रुन्सपार्केनवरून, म्हणजे गावाच्या मधल्या मोठ्या चौकातून जाणारी ती गावाकडे. फोनमध्ये दोन्ही फलाटांचे फोटो काढून ठेवा. बायकोला, मुलांना, येणाऱ्या आई-बाबांना तेच फोटो पाठवा. हजार शब्द समजावण्यापेक्षा "या पिवळ्या इमारतीच्या बाजूला उभं राहायचं" हे पटकन कळतं.

फलाटांना अक्षरं असतात: लेगे आ, लेगे बे, लेगे से. 'लेगे' म्हणजे जागा. छोट्या थांब्यावर दोनच अक्षरं असतात, त्यामुळे कुणी लक्ष देत नाही. पण ब्रुन्सपार्केनला पोचलात की याच अक्षरांवाचून हाल होतात. तिथे जवळपास सगळ्या मार्गांच्या गाड्या येतात, फलाट चौकाच्या चारी बाजूंना पसरलेत, आणि गर्दी दादरच्या पुलाची आठवण करून देणारी (इथल्या मानानं म्हणतोय). अॅप सांगतं 'अमुक नंबर, लेगे दे', आणि माणूस गोल गोल फिरत राहतो. अक्षर खांबावर वरच्या बाजूला असतं, डोळ्यांच्या उंचीवर शोधू नका. हरवलात तर बागेच्या मध्ये कारंज्यावर पेरणी करणाऱ्या बाईचा पुतळा आहे, १८८३ चा. गाव तिला 'योहान्ना' म्हणतं. कुणाला भेटायचं असेल तर "योहान्नाजवळ" म्हणा. दोन नवख्या माणसांनी एकमेकांना फलाटावर शोधण्यापेक्षा ते बरं.

थांब्यावरच्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर नंबर, शेवटचं नाव आणि मिनिटं दिसतात. 'नू' दिसलं की गाडी आत्ता येतेय. मिनिटं खऱ्या वेळेनुसार असतात, छापील वेळापत्रकानुसार नव्हे, तेव्हा '३' ची कधी कधी '५' होते. येणाऱ्या ट्रामच्या कपाळावर 'एय ई त्राफीक' असं असेल तर हात दाखवू नका, ती प्रवाशांसाठी नाही. तशीही इथे हात दाखवायची पद्धत नाही. फलाटावर उभे दिसलात की पुरे.

तिसरं काम: तिकीट

यात फारसं काही नाही. भागाची सगळी सार्वजनिक वाहतूक 'वेस्टट्राफिक'कडे आहे आणि तिकिटाचं अॅप 'टू गो' नावाचं. तेच अॅप रस्ताही सांगतं. नोव्हेंबर २०२० पासून सगळा प्रदेश तीन झोनांत वाटलाय. गोथेनबर्ग शहर, मोल्नदाल, पार्तिले आणि ओकेरो हे सगळं अ झोनमध्ये. तुमचं घर आणि ऑफिस यातच असेल तर बाकीच्या झोनांकडे बघूच नका. तिकीट ट्राम, बस आणि नदीवरच्या बोटी तिन्हींना चालतं. रोज जाणार असाल तर ३० दिवसांचा पास. आठवड्यातून दोनदाच ऑफिस असेल तर आधी हिशोब करा, सुटं तिकीट स्वस्त पडू शकतं. अ झोनचं सुटं तिकीट दीड तास चालतं, त्यात हव्या तेवढ्या गाड्या बदला.

नव्यांच्या अडचणी वेगळ्याच असतात. एक, इथला व्यक्तिक्रमांक आणि बँक खातं मिळेपर्यंत स्वीश, म्हणजे इथलं फोनवरून पैसे भरायचं अॅप, चालत नाही, तेव्हा कार्डानंच पैसे भरावे लागतात. भारतीय कार्ड असेल तर ओटीपी भारतातल्या नंबरवर जाणार, आणि तुम्ही विमानतळावरच ते सिम काढून पाकिटात ठेवलेलं असणार. थांब्यावर बोटं गारठलेली असताना सिम बदलण्याचा उद्योग मी लोकांना करताना पाहिलाय. पहिलं तिकीट घरच्या वायफायवर, गरम चहा पीत काढा. दोन, रोख पैसे घेऊन कुणी तिकीट देईल या आशेवर चढू नका. कंडक्टर नाही, सुट्टे पैसे नाहीत. अॅप जमत नसेल तर प्रेसबिरोन किंवा सेव्हन-इलेव्हनच्या दुकानात विचारा. तीन, थंडीत फोनची बॅटरी तीस टक्क्यांवरून एकदम शून्यावर जाते आणि बंद फोन म्हणजे तिकीट नाही. फोन आतल्या खिशात ठेवायचा, अंगाच्या उबेला.

दाराजवळ आडवा दांडा नाही, तिकीट तपासायला रोज कुणी येत नाही, म्हणून काहींना हुशारी सुचते. तपासनीस येतात, अधूनमधून आणि एकदम तीन-चार. दंड महिन्याच्या पासापेक्षा जास्त बसतो. स्क्रीनशॉट चालत नाही, अॅपमधलं चालू तिकीटच दाखवावं लागतं. मित्राचं तिकीट फोटोनं मागवू नका, फार लाजिरवाणं होतं ते.

चौथं काम: चढणं, उतरणं आणि गप्प बसणं

ट्राम थांबली म्हणजे दार उघडेलच असं नाही. दारावर किंवा शेजारी बटण असतं, ते दाबायचं. आपली माणसं दारासमोर नम्रपणे उभी राहतात, कुणीतरी उघडेल म्हणून वाट बघत. ट्राम त्यांना सोडून निघून जाते. आतून उतरतानाही तेच: आधी थांबा हवा असल्याचं 'स्टॉप' बटण, मग गाडी थांबल्यावर दाराचं बटण.

सगळ्या दारांतून चढता येतं. उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या. रांग दिसत नसली तरी लोकांच्या डोक्यात असते. कोण आधी आलं हे प्रत्येकाला माहीत असतं. आणि ते एकमेकांपासून हातभर लांब उभे राहतात, पावसात आडोसा अपुरा असला तरी. हा तुमचा अपमान नाही.

गाड्या सगळ्या सारख्या नाहीत. १९६० आणि ७० च्या दशकांतली जुनी गाडी अजून कुठे भेटली तर तिला उंच पायऱ्या, आत शिरताना रेलिंग धरूनच चढावं लागतं. त्यानंतरच्या काही गाड्यांचा फक्त मधला भाग फलाटाच्या पातळीला, पुढे-मागे पायऱ्या. नव्या लांबलचक गाड्यांची जमीन खाली. हे तुम्हाला बिनमहत्त्वाचं वाटेल, पण आई-बाबा उन्हाळ्यात आले की याचीच पंचाईत होते. माझ्या आईचे गुडघे पहिल्याच दिवशी जुन्या गाडीच्या पायरीवर अडले. तिनं मागे वळून मला विचारलं, "अरे, ही एसटी आहे की ट्राम?" तेव्हापासून आम्ही पाटीवर पाच-सात मिनिटांत दुसरी गाडी दिसत असेल तर जुनी सोडून द्यायला शिकलो. बाबागाडी असेल तर दारावर बाबागाडीचं चित्र शोधा, तिथेच आत मोकळी जागा असते.

सायकल ट्राममध्ये नेता येत नाही, घडीची सोडून. कुत्री नेता येतात आणि ती बहुतेक माणसांपेक्षा शांत असतात. आवाजाचं काय सांगू. एका डब्यात साठ माणसं आणि फक्त चाकांचा आवाज. फोनवर बोललात तर कुणी काही म्हणणार नाही, पण व्हिडिओ कॉलवर आजीला स्पीकरवर घेतलंत तर मानेमागे साठ लोकांची नजर टोचेल. थांब्यावर सिगारेटही चालत नाही. १ जुलै २०१९ पासून देशभरातल्या थांब्यांवर आणि फलाटांवर कायद्यानं बंदी आहे. लोक पाळतातच असं मात्र नाही.

पाचवं काम: रूळ ओलांडताना

हे मुलांना पहिल्या दिवशी सांगा, स्वतःलाही.

स्वीडनमध्ये झेब्रा क्रॉसिंगवर पाऊल टाकलं की मोटारी थांबतात. आपल्याकडून आलेल्या माणसाला हे स्वर्गसुख वाटतं आणि आठवड्याभरात तो राजासारखा रस्ता ओलांडायला लागतो. पण ट्रामला हा नियम लागू नाही. झेब्रावर चालणाऱ्यानं ट्रामसाठी थांबायचं असतं, ट्रामनं चालणाऱ्यासाठी नव्हे. कारण साधं आहे: नवी ट्राम तीस टनांहून जड असते, लोखंडी चाकं लोखंडी रुळावर घसरतात आणि तिला वळून वाट काढता येत नाही. शरद ऋतूत रुळांवर पडलेली ओली पानं चाकाखाली चिरडून साबणासारखा लगदा होतो; ब्रेक लावताना ट्राम चाकांपुढे वाळू टाकते, ती रुळाच्या कडेला तुम्हाला दिसेल.

त्यात आपली सवय उलटी. लहानपणापासून आपण आधी उजवीकडे बघतो. इथे जवळच्या बाजूची वाहनं डावीकडून येतात. दोन्हीकडे बघा, मग परत एकदा बघा, कारण एक ट्राम निघून गेली की तिच्या मागून समोरच्या रुळावरची दुसरी येत असते आणि पहिलीच्या आवाजात ती ऐकू येत नाही. कानातले हेडफोन काढा. घंटा वाजली तर ती तुमच्यासाठीच आहे असं समजा.

सायकल घेतलीत तर रूळ नेहमी काटकोनात ओलांडा. रुळाच्या खाचेत चाक इतकं बरोब्बर बसतं की जणू त्यासाठीच केलंय. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या सायकलवाल्यांच्या कोपरावर त्याची खूण आहे.

गाडी आलीच नाही तर

येते बहुतेक वेळा. पण मधल्या गावात सगळे मार्ग त्याच दोन-चार चौकांतून जातात, त्यामुळे ब्रुन्सपार्केनजवळ एक गाडी अडकली की मागे मुंग्यांसारखी रांग लागते आणि तुमच्या उपनगरातल्या थांब्यावरची मिनिटं वाढत जातात. शिवाय गावाखालून 'वेस्टलेन्केन' हा रेल्वेचा बोगदा खणायला २०१८ मध्ये घेतला, तेव्हापासून मधल्या भागातले मार्ग अनेकदा वळवले गेलेत. मागच्या वर्षी आलेल्या मित्रानं सांगितलेला रस्ता आजही असेलच असं धरू नका, अॅप बघा.

पाटीवरचे काही शब्द ओळखीचे करून घ्या. 'इनस्तेल्द' म्हणजे रद्द. 'फोरसेनाद' म्हणजे उशिरा. 'एरसेत्निंग्स' नं सुरू होणारी बस म्हणजे ट्रामच्या बदल्यातली. ती ट्रामच्या फलाटावर येत नाही, जवळच्या बसथांब्यावर किंवा रस्त्याकडेला येते. ट्राममध्ये बसलेले असताना ड्रायव्हरनं स्वीडिशमध्ये काही लांबलचक सांगितलं आणि सगळे सुस्कारा टाकून उठले, तर तुम्हीही उठा. भाषा नंतर शिका. शेजारच्याला इंग्रजीत विचारलंत तर तो आनंदानं सांगतो. आपणहून मात्र कुणी सांगायला येत नाही.

आता पैशाची गोष्ट, जी बरेच जुने लोकही विसरतात. २०१६ पासून कायदा आहे: गाडी २० मिनिटांहून उशिरा पोचवली तर तिकिटाचे निम्मे पैसे परत, ४० मिनिटांहून जास्त असेल तर पाऊण, तासाहून जास्त असेल तर सगळे. आणि २० मिनिटांहून जास्त उशीर होणार असं मानायला सबळ कारण असेल तर टॅक्सी करून, तिची पावती पाठवून पैसे परत मागता येतात, ठरलेल्या मर्यादेपर्यंत. २०२५ मध्ये ती मर्यादा १,४७० क्रोनर होती. विमान पकडायचंय, व्हिसाची वेळ ठरलीय, अशा वेळी थांब्यावर हात चोळत बसू नका. पाटीचा फोटो काढा, पावती जपा, अर्ज लगेच भरा.

हिवाळ्याची पुरवणी

डिसेंबरात सूर्य पावणेनऊ-नऊच्या सुमाराला उगवतो आणि साडेतीनच्या आत मावळतो. म्हणजे तुम्ही थांब्यावर जाता तेव्हाही अंधार आणि उतरता तेव्हाही अंधार. कोटाला लटकवायचा चकाकणारा छोटा तुकडा, 'रिफ्लेक्स', घ्या. मुलांच्या दप्तराला दोन लावा. या गावात बर्फापेक्षा पाऊस जास्त, आणि समुद्राकडचा वारा त्याला आडवा करतो. छत्री पहिल्या आठवड्यात उलटी होऊन थांब्याच्या कचरापेटीत जाते. टोपीचा जलरोधक कोट घ्या.

पाऊस पडून रात्रीत गोठला की फलाट काचेसारखा होतो. पालिका बारीक खडी टाकते, पण सकाळी सहाला तुमच्याच फलाटावर टाकलेली असेलच असं नाही. बुटाखाली अडकवायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात, त्यांना 'ब्रोद्दार' म्हणतात. पहिल्या वर्षी मला ते म्हाताऱ्यांचं सामान वाटलं. दुसऱ्या वर्षी मी दोन जोड घेतले. आणि धावत ट्राम पकडायची नाही. सहा मिनिटांनी दुसरी आहे, मनगट एकच आहे.

रविवारी

थांबा ओळखीचा झाला की त्याच पासावर ११ नंबरची ट्राम पकडून साल्थोल्मेनपर्यंत जा, अगदी शेवटपर्यंत. शेवटच्या टप्प्यात खिडकीत समुद्र येतो. उतरलात की समोरच धक्का, आणि तिथून दक्षिणेच्या बेटांना जाणाऱ्या बोटींना तेच अ झोनचं तिकीट चालतं. ब्रेन्नो, स्तिरसो, व्रोंगो, कुठेही उतरा. या बेटांवर मोटारी नाहीत, खडकावर बसून डबा उघडायचा. पोळी-भाजीचा डबा चालतो, वाऱ्यात पुलाव उडतो.

निघण्याआधी परतीच्या बोटीची वेळ मात्र फोनमध्ये बघून ठेवा. ट्रामची सवय झालेला माणूस बोटही सहा मिनिटांनी येईल असं धरून चालतो. आम्ही एकदा व्रोंगोच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट दोन हात लांब गेली होती. बोटीवरच्या एका आजोबांनी आम्हाला हात हलवला. पुढच्या बोटीपर्यंत आम्ही चौघं एका लाकडी भिंतीच्या आडोशाला, रिकामा डबा मांडीवर घेऊन बसून होतो.